विश्लेषण : गेम सुरू होताच संगणक का कोसळतो? दोष नेमका कोणत्या भागात, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

खेळ ऐन रंगात आलेला असताना पडदा काळा होतो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कधी पंखे फिरत राहतात पण चित्र येत नाही, कधी निळ्या पडद्यावर न समजणारा संदेश झळकतो. त्यानंतर घराघरांत जे घडते ते जवळपास सारखेच असते. विंडोज नव्याने टाकून पाहिली जाते, फरक पडला नाही की कॅबिनेट दुकानात जाते आणि 'ग्राफिक्स कार्ड गेले' किंवा 'मदरबोर्ड गेला' असा निर्वाळा मिळतो. पुष्कळदा हा निर्वाळा चाचणीतून आलेला नसतो, अनुभवी अंदाजातून आलेला असतो. अंदाज बरोबर निघाला तर ठीक, नाहीतर नवा भाग बसवूनही संगणक तसाच कोसळतो आणि पैसे मात्र गेलेले असतात.

गेमिंग संगणकाच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. ग्राफिक्स कार्डाचीच किंमत अनेकदा संपूर्ण संगणकाच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत जाते. त्यात २०२५च्या अखेरीपासून रॅमचे दर कडाडले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपना प्रचंड मागणी आल्याने मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा काळात 'एकदा रॅम बदलून पाहू' हा सल्ला पूर्वीइतका निरुपद्रवी राहिलेला नाही.

चुकीच्या निदानाचे गाजलेले उदाहरण कोणते?

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचे. २०२३च्या अखेरीपासून जगभरच्या खेळाडूंना 'अनरियल इंजिन'वर बांधलेले काही गेम सुरू करताना एक संदेश दिसू लागला. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली, असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी की, ज्यांच्याकडे २४ जीबी मेमरीची, बाजारातील सर्वांत मोठी कार्डे होती त्यांनाही तो दिसत होता. साहजिकच लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डे परत केली, नवी घेतली. संदेश कायम राहिला.

दोष कार्डात नव्हताच. गेमच्या फायली दाबून, लहान करून साठवलेल्या असतात आणि गेम सुरू होताना त्या उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो. तिथे एक अंक जरी चुकला तरी पुढे ग्राफिक्स कार्डाकडे जाणारी माहिती निरर्थक ठरते. गेमला एवढेच कळते की, कार्डाने काम नाकारले, म्हणून तो कार्डाकडे बोट दाखवतो. फायली उलगडण्याचे हे तंत्र पुरवणाऱ्या 'रॅड गेम टूल्स'ने प्रोसेसरकडे लक्ष वेधले. इंटेलने जुलै २०२४मध्ये प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे मान्य केले आणि सप्टेंबरमध्ये मूळ कारण जाहीर केले. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे प्रोसेसरमधील घड्याळाचे ठोके वाहून नेणारा भाग हळूहळू झिजत होता. 'बायोस'मधून देण्यात आलेल्या ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी या सुधारणांनी पुढची झीज थांबते, आधी झालेली भरून येत नाही. त्यामुळे कंपनीने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, म्हणजे सुटे, खोक्यातून विकल्या गेलेल्या प्रोसेसरसाठी ती पाच वर्षे झाली. असा प्रोसेसर घरी असेल आणि बायोस दोन वर्षांत अद्ययावत केले नसेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी तेच करणे शहाणपणाचे.

या प्रकरणात निदानाची एक साधी चाचणीही पुढे आली. बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरच्या मुख्य गाभ्यांचा वेग थोडा कमी करायचा, उदाहरणार्थ ५५ पट असलेला गुणक ५३ वर आणायचा. एवढ्याने गेम सुरळीत चालू लागला तर संशय प्रोसेसरवर. ना नवा भाग विकत घ्यावा लागतो, ना काही उघडावे लागते.

मग पडद्यावरच्या संदेशाला काहीच अर्थ नाही का?

अर्थ आहे, पण तो साक्षीदाराचा जबाब आहे, निकाल नव्हे. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये हमखास सापडणारी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद घ्या. ती पाहून अनेकजण एसएमपीएस खराब आहे असे धरून चालतात. प्रत्यक्षात या नोंदीचा अर्थ एवढाच की, मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कोणी बटण दाबून ठेवले, वीज गेली किंवा प्रोसेसर गोठला तरी तीच नोंद होते. 'व्ही' अक्षराने नव्हे तर 'डब्ल्यूएचईए' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोंदी मात्र गांभीर्याने घ्याव्यात, कारण ती तक्रार थेट प्रोसेसर किंवा त्याला जोडलेल्या हार्डवेअरने केलेली असते.

सामान्य वापरकर्त्यासाठी 'रिलायबिलिटी मॉनिटर' अधिक उपयोगी आहे. विंडोजच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केले की तो सापडतो. कोणत्या दिवशी काय कोसळले आणि त्याच्या आदल्या दिवशी काय नवे बसले, हे कॅलेंडरसारखे समोर दिसते. बिघाड सुरू झाला त्याच्या आधी काय बदलले, हा निदानातला सर्वांत स्वस्त प्रश्न आहे आणि तोच बहुधा विचारला जात नाही. नवा ड्रायव्हर, नवी रॅम, खोलीतली जागा बदलणे, नवा एक्स्टेंशन बोर्ड, घरात झालेले रंगकाम यांपैकी काहीही कारण असू शकते. (निळा पडदा आता निळाही राहिलेला नाही. २०२५पासून विंडोज ११मध्ये तो काळा झाला आहे. त्यामुळे 'पडदा काळा झाला' एवढ्यावरून काही ठरवू नये, त्यावर अक्षरे होती का ते आठवावे.)

संगणक चालूच होत नसेल तर सुरुवात कुठून करावी?

भिंतीतल्या सॉकेटपासून. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. एसएमपीएसच्या मागे एक छोटे बटण असते, झाडलोट करताना ते बंद झालेले असते. आपल्याकडे घरांत अख्ख्या कॅबिनेटलाच 'सीपीयू' म्हणतात, त्यामुळे फोनवरून मदत मागताना 'सीपीयू चालू आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात, हेही लक्षात असू द्यावे.

पंखे फिरतात पण चित्र नाही, अशा वेळी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. ती ग्राफिक्स कार्डाला हवी. मदरबोर्डच्या मागील जागेत लावली गेली असेल तर, प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसल्यास, पडदा कोराच राहतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यांना असे ग्राफिक्स नसते. साफसफाईनंतर किंवा घर बदलल्यानंतर 'बंद पडलेल्या' संगणकांत ही केबलची चूक वारंवार आढळते.

नवा संगणक असेल तर आणखी एक गोष्ट. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवल्यावर किंवा बायोस बदलल्यावर मदरबोर्ड तिची जुळवणी करून घेतो. या काळात पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो. घाबरून मध्येच वीज बंद केली की ही जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटे थांबायला काहीच खर्च येत नाही.

आजच्या बहुतेक गेमिंग मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. संगणक सुरू होताना ते क्रमाने लागतात आणि विझतात. जो विझत नाही तिथे गाडी अडली आहे. डीरॅमचा दिवा अडला तर रॅम खराबच आहे असे मात्र नाही. रॅम नीट बसलेली नसेल, तिची खाच खराब असेल किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील एखादी पिन वाकलेली असेल, तरी तोच दिवा अडतो. तरीही पाचपैकी चार संशयितांना घरी पाठवण्याचे काम हा दिवा करतो. त्याचा मोबाइलवर व्हिडीओ काढून ठेवावा, पुढे दुकानदाराशी बोलताना तो कामाला येतो.

खटकन बंद पडणे वेगळे का?

कारण संगणक गोठणे, संदेश देऊन कोसळणे आणि प्लग उपटल्यासारखा एका क्षणात बंद होणे, ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिसऱ्या प्रकारात बहुधा वीजपुरवठ्याचा संबंध असतो, आणि इथे आपल्या घरांची स्थिती परदेशी मार्गदर्शक व्हिडीओंत दाखवतात त्यापेक्षा वेगळी आहे.

पहिला संशयित यूपीएस. घरांसाठी सर्रास विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पेलतो. ऑफिसच्या कामासाठी तो पुरेसा असतो. गेम चालू असताना मात्र मध्यम ग्राफिक्स कार्डाचा संगणकही मॉनिटरसकट त्याच्या पलीकडे जातो. वीज असेपर्यंत काही कळत नाही. क्षणभर दिवे लुकलुकले, यूपीएस बॅटरीवर गेला की, त्याला भार झेपत नाही आणि सगळेच बंद. घरच्यांना वाटते, 'वीज तर गेलीच नव्हती, मग संगणक का बंद झाला?' शिवाय स्वस्त यूपीएस आणि जुने इन्व्हर्टर शुद्ध लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतात, ती काही आधुनिक एसएमपीएसना रुचत नाही. चाचणी सोपी आहे. दोन दिवस यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटवर चालवावा.

दुसरा संशयित सैल सॉकेट. पाचशे-सहाशे वॉट म्हणजे २३० व्होल्टवर फारतर तीन अँपिअर, त्यामुळे ६ अँपिअरचा सॉकेटही कागदावर पुरतो. पण ज्या एक्स्टेंशन बोर्डमध्ये प्लग हलतो, ठिणगी उडाल्याचा आवाज येतो किंवा प्लगची पिन तापते, तिथे गडबड आहेच. तोच बोर्ड एसी किंवा इस्त्रीलाही वापरला जात असेल तर विचारायलाच नको.

तिसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटला अनवाणी हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या इमारतींत सर्रास ऐकू येते. 'बॉडीत करंट येतोय, एसएमपीएस बदला' असा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर अनावश्यक लहरी अर्थिंगच्या तारेत सोडतात. ती तारच जोडलेली नसेल तर कॅबिनेटवर मुख्य व्होल्टेजच्या सुमारे निम्मे व्होल्टेज, अतिशय क्षीण प्रवाहासह, तरंगत राहते. नवा एसएमपीएस बसवला तरी मुंग्या येणारच. यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवायचा असतो, संगणक दुरुस्तीवाला नव्हे. आणि हे काम लांबणीवर टाकू नये, कारण उद्या आत खरोखरच शॉर्ट झाला तर तो प्रवाह जमिनीत नेणारी वाटच त्या घरात नाही.

हे सगळे ठीक असेल तर मग एसएमपीएस. त्याच्यावरची '८० प्लस'ची सुवर्ण किंवा कांस्य मोहर विजेच्या बचतीबद्दल सांगते, टिकाऊपणाबद्दल नव्हे. आजची ग्राफिक्स कार्डे काही सहस्रांश सेकंदांसाठी आपल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. सरासरी भार पेलणारा एसएमपीएस अशा उसळीला स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, म्हणून संगणक गेमच्या मेनूत चालतो आणि स्फोटाच्या दृश्यात बंद पडतो. ही अडचण ओळखूनच २०२२मध्ये आलेल्या 'एटीएक्स ३.०' मानकात क्षमतेच्या दुप्पट उसळी १०० मायक्रोसेकंद झेलण्याची अट घालण्यात आली. घरच्या घरी पडताळायचे असेल तर 'आफ्टरबर्नर'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर आणावी. गेम थोडा मंदावेल, पण बंद पडणे थांबले तर संशय एसएमपीएस आणि कार्ड या दोघांपुरता उरतो. त्यांतला कोणता, हे मित्राकडचा खात्रीचा एसएमपीएस तासभर जोडून कळते. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसच्या केबल मात्र आपल्या एसएमपीएसला लावू नयेत. टोके सारखी दिसतात, आतली तारांची मांडणी वेगळी असते, आणि त्यात डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत काहीही जळू शकते.

एसएमपीएस कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो. कॅबिनेटमधील बाकी सर्व भागांना हात लावायला हरकत नाही, प्लग काढून, चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी एवढेच.

विदर्भातला उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा

संगणकाचे पंखे आतली उष्णता खोलीत टाकतात, खोलीपेक्षा थंड करू शकत नाहीत. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ग्राफिक्स कार्ड ७० अंशांवर चालत असेल, तर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तेच कार्ड, तोच गेम, ८७ अंशांच्या आसपास जाणार. 'हिवाळ्यात नीट चालत होता' यात कोडे असे काही नाही. 'एचडब्ल्यूइन्फो' हे मोफत साधन सर्व भागांचे तापमान दाखवते. आकडे वाचताना एक भान हवे. रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, इंटेलच्या अनेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे बिघाड असे नाही. किती वेळात तिथे पोहोचतो ते पाहावे. गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांनी हळूहळू चढला तर धूळ किंवा हवा खेळती नसणे. दोन-तीन सेकंदांत उडी मारून मर्यादेला टेकला तर कूलर प्रोसेसरला नीट चिकटलेलाच नाही, पाण्याच्या कूलरचा पंप बंद आहे, किंवा कूलरखालची प्लास्टिकची पातळ फीत काढायची राहिली आहे. शेवटची चूक हास्यास्पद वाटेल, पण ती होते.

उष्णतेने संगणक लगेच बंद पडत नाही, आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. खेळात अडखळणे सुरू होणे ही पहिली खूण. कॅबिनेटची बाजूची काच काढून पुन्हा तोच गेम खेळावा. तापमान दहा अंशांनी उतरले तर दोष भागांत नाही, कॅबिनेटच्या हवेत आहे. धूळ काढताना ब्लोअर वापरला तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पंखा वेड्यासारखा फिरला की त्याचे बेअरिंग खराब होते.

किनारपट्टीवर प्रश्न निराळा आहे. दमट, खारट हवेत धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि सांध्यांवर गंज चढतो. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला संगणक सुरू होत नाही, मग दोन-तीन वेळा प्रयत्न केल्यावर होतो, हा अनुभव तिथे नवा नाही. रोज अर्धा तास चालू ठेवलेला संगणक कापडाखाली झाकून ठेवलेल्या संगणकापेक्षा चांगला टिकतो.

रॅमला खोडरबर लावावा का?

दुरुस्तीच्या दुकानांतला हा जुना उपाय. रॅम काढायची, तिची सोनेरी टोके खोडरबराने घासायची, परत बसवायची, आणि संगणक सुरू. उपाय चालतो, पण श्रेय बहुधा रबराचे नसते, रॅम काढून पुन्हा घट्ट बसवण्याचे असते. रबराचा भुगा खाचेत राहिला तर नवीच कटकट, आणि टोकांवरचा सोन्याचा मुलामा तसा पातळच. आधी नुसती काढून दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत बसवावी.

रॅमच्या दोषाची खूण म्हणजे त्याला सातत्य नसते. आज गेम कोसळतो, उद्या ब्राउझर, परवा विंडोजची फाइल खराब होते, दर वेळी संदेश वेगळा. 'मेमटेस्ट८६' हे साधन पेनड्राइव्हवरून, विंडोजशिवाय चालते. रात्री लावून सकाळी पाहावे. इथे उत्तीर्ण होण्याचे गुण शंभर टक्के आहेत, एक चूक आढळली तरी नापास. पण नापास म्हणजे लगेच फेकायची असेही नाही. गेमिंग रॅमच्या खोक्यावर ६००० असा जो वेग छापलेला असतो तो बायोसमधील 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' सुरू केल्यावर मिळतो, आणि तो मूळ मानकापेक्षा ताणलेला असतो. ही सुविधा बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. आता चूक आली नाही तर रॅम मूळ वेगाला ठीक आहे, तो ताण प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तिघांना मिळून पेलत नाही, एवढेच.

त्यानंतर एकेक पट्टी. एकच पट्टी एका खाचेत लावून चाचणी, मग त्याच खाचेत दुसरी, मग पहिली दुसऱ्या खाचेत. दोष पट्टीबरोबर जागा बदलतो की खाचेपाशीच थांबतो, हे पाहायचे. संगणकाच्या निदानातले सगळे शास्त्र खरे तर एवढ्यात सामावले आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि दोष कोणाच्या मागे जातो ते बघायचे. चार गोष्टी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर तो सुरू का झाला हे कोणालाच कळत नाही.

ग्राफिक्स कार्ड दोषी आहे हे कधी मानावे?

पडद्यावर रंगीत चौकटी, रेषा किंवा ठिपके दिसत असतील तर मोबाइलवरून एक उपयोगी पडताळणी करता येते. त्या क्षणी संगणकाचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो स्वतःच्या फोनवर पाठवून पाहावा. ठिपके फोनवरही दिसले तर ते चित्र तयार होतानाच आले आहेत, संशय कार्डावर किंवा ड्रायव्हरवर. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर मोठ्या शक्यतेने केबल किंवा मॉनिटर. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसच्या पडद्यावरही रेषा असतील तर ड्रायव्हर सुटला, कारण तो तेव्हा कामावर आलेलाच नसतो.

फक्त गेममध्येच त्रास होत असेल तर 'डीडीयू' या साधनाने, सेफ मोडमध्ये, जुना ड्रायव्हर पूर्ण पुसून नवा टाकावा. नुसता नवा ड्रायव्हर वरून चढवणे पुरत नाही. पडदा काळा, आवाज चालू आणि कार्डाचे पंखे एकदम भरधाव, अशी लक्षणे असतील तर कार्डाला वीज देणारी जोडणी तपासावी. २०२२च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांच्या १६ पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या घटना समोर आल्या. एनव्हिडियाने त्याचे खापर पूर्ण आत न बसलेल्या केबलवर फोडले, मात्र पुढे या जोडणीची रचनाही सुधारावी लागली, यातच काय ते आले. ६०० वॉट १२ व्होल्टवर वाहून न्यायचे म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत विभागून प्रत्येकी आठपेक्षा जास्त. एखादी पिन नीट टेकली नाही की तिचा भार बाकीच्यांवर. जोडणी पूर्ण आत आहे, प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडलेले नाही, आणि केबल जोडणीपाशीच दुमडलेली नाही, एवढे वर्षातून दोनदा तरी पाहावे.

जुने कार्ड घेतले असेल तर अधिक सावधगिरी हवी. सप्टेंबर २०२२मध्ये 'इथेरियम'ने कार्डांवर चालणारे मायनिंग बंद केले आणि दिवसरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतली अनेक अजूनही उत्तम चालतात. मात्र त्यांचे पंखे आणि मेमरीवरचे उष्णतावाहक पॅड आधी थकतात, आणि ते बदलणे नव्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त. कार्ड ओव्हनमध्ये भाजून 'जिवंत' करण्याचे व्हिडीओ मात्र पाहण्यापुरतेच ठेवावेत. काही दिवस चालते, मग कायमचे जाते, आणि ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात शिशाचे किंवा रसायनांचे अंश सोडण्याइतके कोणतेही कार्ड मोलाचे नाही.

डिस्कचे काय?

गेम उघडायला वेळ, मध्येच दोन-चार सेकंद सर्व गोठणे, फायली नाहीशा होणे ही डिस्कची लक्षणे. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' तिची प्रकृती दाखवते. त्यात 'सीआरसी' चुकांचा आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदलावी, डिस्क नव्हे. बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरचा आकडा वाढत असेल तर चाचण्या थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढावी. खरे तर ही प्रत कोणत्याही दुरुस्तीच्या आधी काढायला हवी. गेम पुन्हा डाउनलोड होतात.

मदरबोर्डवर आरोप शेवटी का?

कारण त्याची थेट चाचणीच नाही. बाकी सर्व निर्दोष ठरले की तो उरतो. दुकानात मात्र त्याचे नाव पहिले येते, कारण 'मदरबोर्ड गेला' म्हटले की पुढे प्रश्न येत नाहीत. त्याआधी दोन स्वस्त गोष्टी कराव्यात. दर वेळी घड्याळ मागे जात असेल किंवा बायोसच्या सेटिंग पुसल्या जात असतील तर 'सीआर२०३२' हा नाण्याएवढा सेल बदलावा, घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. आणि बायोस मूळ स्थितीत आणावे. बायोस अद्ययावत करताना वीज जाणार नाही याची काळजी मात्र घ्यावी, इथे यूपीएस खरोखर उपयोगी पडतो. तेवढ्या वेळात गेम चालू नसल्याने लहान यूपीएसलाही भार झेपतो.

दुकानात जाताना काय न्यावे, काय विचारावे?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातील तपकीर गल्ली असो किंवा तालुक्याच्या गावातले एकच दुकान, तिथे उत्तम कारागीर आहेत. पण त्यांच्यासमोर दिवसाला पंचवीस कॅबिनेट येतात आणि प्रत्येकावर रात्रभर मेमटेस्ट लावणे त्यांना परवडत नाही. निदानाचे पैसे द्यायला ग्राहक तयार नसतो, म्हणून ते पैसे भाग विकून निघतात. ही व्यवस्था ग्राहक आणि दुकानदार दोघांनी मिळून उभी केली आहे. निदानाची वेगळी फी आधीच ठरवली आणि दिली, तर पुष्कळदा नव्या भागाचा खर्च वाचतो.

'संगणक बंद पडतो' असे सांगण्यापेक्षा 'थेट सॉकेटवर, गेम सुरू करून दहा मिनिटांनी, संदेशाशिवाय बंद पडतो, वीजमर्यादा ७० टक्के केली की पडत नाही, मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ' असे सांगितले तर कारागिराचे अर्धे काम झालेले असते. दोषी ठरवलेला भाग दुसऱ्या संगणकात लावून दोष दाखवा, अशी विनंती करण्यात गैर काही नाही. बदललेला जुना भाग परत मागावा. कॅबिनेट देण्याआधी कार्ड, रॅम आणि डिस्कवरील अनुक्रमांकांचे फोटो काढावेत.

भाग वॉरंटीत आहे का, हे दुकानदाराला विचारण्याआधी स्वतः पाहावे. जोडणी करून घेतलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. कार्ड आणि प्रोसेसरला साधारण तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा. बरेच उत्पादक अनुक्रमांकावरून संकेतस्थळावर मुदत दाखवतात. त्यासाठी जीएसटीचे बिल हवे. साध्या कागदावरच्या अंदाजपत्रकावर केलेली खरेदी इथे अडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर सहभागी कंपन्यांची सेवा केंद्रे आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते. वॉरंटीत असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावणे बंधनकारक नाही. तिथेही मोबाइलवरचे ते व्हिडीओ, अनुक्रमांकांचे फोटो आणि बिल हाच पुरावा ठरतो.